वाडा उतरवायच्या आधी शरदातला गावभाग फोटोत धरायचाय, मदत हवी

गावभागची_लेक:
नमस्कार. माझं माहेर सांगलीच्या गावभागात, सध्या राहायला विश्रामबागेत. माहेरचा वाडा दिवाळीनंतर उतरवायचं ठरलंय. 2019 च्या पुरात सोप्यात छातीएवढं पाणी होतं, मागची भिंत तेव्हापासून फुगलीय आणि काका-काकूंना आता तिथं राहणं झेपत नाही. निर्णय बरोबर आहे. मला फक्त तो वाडा, आमची गल्ली, सरकारी घाट आणि आयर्विन पूल या आश्विन-कार्तिकात एकदा नीट फोटोत घ्यायचाय.

हेच दिवस का, तर मला गावभाग आठवतो तो असाच. परदेशातल्या शरदाचे लालभडक झाडांचे फोटो सगळीकडे दिसतात, पण आपली पानगळ शिशिरातली. आपल्याकडे शरदात पाऊस उघडलेला असतो, धूळ अजून उठायची असते, कृष्णेचा गढूळपणा निवळत येतो. भिंतीवरचं शेवाळ कडेनं वाळत चाललेलं असतं, मध्ये अजून हिरवं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुचाचं झाड आहे. पहाटे खाली पांढरा सडा पडतो. आई ती लांब देठांची फुलं वेचून दोऱ्याशिवाय, देठात देठ गुंफून वेणी करायची. तो वास काही फोटोत येणार नाही, पण सडा तरी यावा.

गेल्या आठवड्यात तीन सकाळी जाऊन आले. वापरलेला डीएसएलआर आहे, त्यासोबतची 18-55 लेन्स. गणपती मंदिराचा काळा दगड राखेसारखा करडा येतो. नदीवरचं धुकं मळकट दिसतं. घाट काळोखा आणि वर आभाळ पांढरंफटक. वाड्यात तर चौक दिसला की सोपा दिसत नाही, सोपा दिसला की चौक जळून जातो. काय चुकतंय?

मिरजेचा_जुना_फिल्मवाला:
ताई, दगड आणि धुकं या दोन्हींचं दुखणं एकच आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. चौकटभर काळा दगड असला की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून ते उजेड वाढवतं आणि काळ्याचं करडं होतं. धुकं पांढरं, तर ते उजेड कमी करतं आणि धुकं मळतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण शोधा, त्यावर अधिक-उण्याची खूण असते. देवळासाठी उणे एक, धुक्यासाठी अधिक एक. तिथून पुढे डोळ्यानं ठरवा. मी रोल वापरायचो तेव्हा हे कळायला चार रोल वाया गेले होते, तुम्हाला चार मिनिटांत कळेल.

त्या देवळाचा दगड ज्योतिबाच्या डोंगरावरून आणलेला आहे. आप्पासाहेब पटवर्धनांनी काम सुरू केलं आणि ते 1844 ला पुरं झालं. एवढ्या वर्षांचा काळा रंग करडा करून ठेवू नका. दगडाचा पोत हवा असेल तर ऊन तिरकं असताना जा. आणि आत गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याआधी तिथल्या माणसांना विचारा.

हरिपूर_रोड:
घाटासाठी तुमची वेळ चुकली. सांगली कृष्णेच्या पूर्वेच्या काठावर आहे, म्हणजे घाटाचं तोंड मावळतीकडे. सकाळी सूर्य घरांच्या मागून येतो, मग घाट काळोखा आणि आभाळ पांढरं होणारच. घाट संध्याकाळचा. साडेचार-पाचला पूल ओलांडून सांगलीवाडीच्या काठाला जा आणि तिथून गावाकडे बघा, पायऱ्यांवर सोन्यासारखं ऊन असतं.

सकाळ धुक्यासाठी ठेवा, पण तीही सांगलीवाडीकडूनच. धुकं समोरून उजेड आला की पेटतं. दिवाळीच्या आसपास रात्री गार व्हायला लागल्या की पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं आणि वाफ उठते. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, तुम्ही सहाला जागेवर हव्यात.

आणि एक, कोजागरी अजिबात चुकवू नका. पुनवेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो. सांगलीवाडीच्या काठावर उभं राहिलं की पाठीमागं सूर्य बुडतोय, समोर घाटावर शेवटचा उजेड आणि त्याच्यावर चंद्र. पूर्ण अंधार होऊ देऊ नका, नाहीतर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उरतो. त्रिपुरीला दिव्यांचंही तसंच, आभाळात निळेपण असतानाच काढा.

पूल 1929 चा, दगडी कमानींचा. शेजारी समांतर पूल झाल्यापासून एका बाजूनं तो मोकळा दिसत नाही, तेव्हा दुसऱ्या बाजूनं आणि खालून बघा. पाण्याची पातळी मोजतात तेही याच पुलाशी. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पुराच्या दिवसांत अख्खं गाव त्या आकड्याकडे डोळे लावून असतं, त्याचाही एक फोटो तुमच्या वाड्याच्या फोटोंशेजारी असू दे.

सोपा_माजघर:
मी जुन्या घरांची मोजमापं घेण्याचं काम करते, म्हणून फक्त वाड्याबद्दल लिहिते. चौकात जा दुपारी बाराच्या सुमारास. बाहेर ती वेळ फोटोला वाईट, वाड्यात उत्तम. ऊन चौकाच्या फरशीवर पडतं आणि तिथून उसळून सोप्याच्या तुळयांपर्यंत जातं. ट्रायपॉडवर ठेवून एकाच चौकटीचे तीन फोटो घ्या, एक चौकासाठी, एक सोप्यासाठी, एक मधला. नंतर जुळवता येतात. भिंती पडल्यासारख्या दिसू नयेत म्हणून कॅमेरा वर वाकवू नका, मागं सरका.

तुळईवर किंवा खांबावर कोरीव काम असेल तर समोरून फ्लॅश मारू नका, सगळं सपाट होतं. बाजूनं टॉर्च धरा. कोनाडे, दिंडी दरवाजाची कडी, जोत्याचे दगड, जिन्याची झिजलेली पायरी, प्रत्येकाचा एक फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून घ्या. पुराची रेघ राहिली असेल तर तीसुद्धा. आणि घरातली माणसं त्यांच्या नेहमीच्या जागी बसलेली हवीत. रिकाम्या वाड्यांचे फोटो माझ्याकडे शेकड्यानं आहेत. कोण कुठं बसायचं ते सांगायला आता कुणी उरलेलं नाही.

गावभागची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. उणे एक करून देऊळ काढलं, दगड काळाच आला. पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटलेला एक कोपरा आहे, तो पहिल्यांदाच दिसला. कोजागरीला आम्ही दोघी बहिणी सांगलीवाडीला गेलो. चंद्र ढगात होता, वर आला तेव्हा अंधार पडला होता, पण पाचचं घाटावरचं ऊन मिळालं.

काल दुपारी वाड्यात होते. काकू माजघराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसतात, तशाच बसवल्या. काका म्हणाले, माझा काय काढतेस, पाटावर बसून पेपर तर वाचतो. तोच काढला. त्यांच्या मागच्या खांबावर पुराची रेघ आहे, बसल्यावर ती त्यांच्या डोक्याच्या वर हातभर येते. तीन फोटो घेतले, चौकही आलाय, सोपाही.

हरिपूर रोडदादा, बुचाच्या सड्याचं मात्र तुम्हीच सांगा. सात वाजता झाडलोट होते, त्याआधी गल्लीत उजेड नसतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवू की झाडणाऱ्या मावशींना एक दिवस थांबायला सांगू?

हरिपूर_रोड:
मावशींना सांगा. आणि झाडताना त्यांचाही घ्या.