आयसीटीत केमिकल मिळेल का? पसंतीक्रमासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मुलीला यंदा एमएचटी-सीईटीला पीसीएममध्ये ९८.७ पर्सेंटाइल आहेत. आम्ही ओपनमध्ये, राहायला डोंबिवलीत. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) केमिकल इंजिनीअरिंग करायचं हे तिने अकरावीतच ठरवलंय. तिथल्या ७० टक्के जागा सीईटीवर आणि ३० टक्के जेईई मेनवर भरतात. मेनमध्ये तिला कमी गुण आहेत, म्हणजे सगळी भिस्त सीईटीवरच.

गेल्या वर्षीच्या कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) कट-ऑफची प्रिंट घेऊन बसलोय. प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे मी मेरिट नंबरच ताडून बघतेय. मुलींसाठीचा एल-ओपन रकानाही वेगळा पाहतेय. हे बरोबर आहे ना?

खरी अडचण पसंतीक्रमाची. २०२५ पासूनच्या नियमाने पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की तीच घ्यावी लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. केमिकल पहिलं टाकणार हे नक्की. पण दुसरं-तिसरं आयसीटीचंच पॉलिमर किंवा ऑइल्स (तेल तंत्रज्ञानाची शाखा) टाकावं, की दुसऱ्या कॉलेजातलं केमिकल? पॉलिमर दुसऱ्या फेरीतच लागलं, तर केमिकलची आशा तिथेच संपते. पोरीने दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केलाय, तिची संधी माझ्या फॉर्म भरण्यामुळे जाऊ नये.

ज्यांच्या मुलांना गेल्या एक-दोन वर्षांत तिथे प्रवेश मिळाला, त्यांनी मेरिट नंबर आणि कितव्या फेरीत मिळाला ते कृपया सांगा. पॉलिमर, ऑइल्सला शिकणाऱ्यांचा अनुभवही कळवा.