खुराड्यात लाल माइट (कोंबड्यांचं रक्त पिणारे बारीक जीव), फवारूनही परत येतात

प्रश्न: दिवसा कोंबड्यांच्या अंगावर काहीच दिसत नाही, पण तुरे फिके पडलेत आणि अंडी कमी झालीत. एकदा फवारणी केली, आठवड्यात पुन्हा तेच. काय चुकतंय?

उत्तर १: रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीची टोकं बघा. पांढरा कागद खाली धरून दांडी ठोका. पडलेले ठिपके चिरडल्यावर लाल डाग उमटला तर ते लाल माइटच. ते दिवसा फटींत लपतात. माइटची अंड्यापासून पूर्ण वाढ उबदार हवेत साधारण ७ दिवसांत होते आणि फवाऱ्याने त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून ५ ते ७ दिवसांनी पुन्हा, किमान तीनदा.

उत्तर २: आधी दांड्या काढा, भुसा जाळा, फटी खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा. पूर्ण वाळल्यावरच डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांची बारीक पूड) फटींत भरा, ओलाव्यात ती निकामी ठरते. भरताना तोंडाला मास्क हवाच. खुराडं रिकामं ठेवून भागत नाही, उपाशी माइट कित्येक महिने तगतात!

उत्तर ३: शेपटीखालची पिसं काळपट, मळकट असतील तर माइटची जात वेगळी, ती अंगावरच राहते. मग औषध कोंबडीलाच लागेल. पशुवैद्याकडून मात्रा घ्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा.