पानगळ, कापणी, परतीचा पाऊस: शरदात तुम्ही कशापाशी थांबता?

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला की अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. बॉस्टनजवळ राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली, तरी त्या दिवशी पहिला विचार आईच्या फोनचाच येतो. संध्याकाळी सातला देवापाशी दिवा लावून झाला की ती फोन हातात घेते. माझ्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ असायचे, त्या रविवारपासून साडेआठ. तिचं घड्याळ जागचं हलत नाही, माझंच हलतं.

अंगणातल्या मेपलची पानं गोळा करायचं काम लेकाचं होतं. यंदा तो कॉलेजला गेला आणि दाताळं माझ्या हातात आलं. पहिल्यांदाच एक पान नीट निरखलं. देठाशी हिरवं, मधे पिवळं, कडेला लाल. थंडी पडायला लागली, दिवस लहान झाला की पानातलं हरितद्रव्य ओसरतं. पिवळा रंग उन्हाळाभर पानात असतोच, हिरव्याखाली झाकलेला. मेपलचा लाल मात्र या दिवसांत नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी झाड स्वतःच एक पातळ थर धरतं आणि तिथून पान सुटतं. वाऱ्याचं फक्त निमित्त. शेजारचा कोवळा ओक वाळलेली तपकिरी पानं धरून ठेवतो, भर बर्फातही ती खडखडत असतात.

लेकाला दिवसातून तीनदा मेसेज करणं मी त्या आठवड्यात थांबवलं.

तुमचं काय सुटलं, काय बदललं? आपल्याकडचा शरद वेगळा, तोही लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

नाशिकहून

आपल्या पंचांगात शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. आपल्याकडे शरदात पान गळत नाही, पाऊस गळायचा थांबतो. गोदावरीचं गढूळ पाणी निवळायला लागतं आणि घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या गाळासकट पुन्हा दिसतात. वेदातल्या प्रार्थनेतही आयुष्य याच ऋतूने मोजलंय, ‘पश्येम शरदः शतम्, जीवेम शरदः शतम्’. यंदाचा पावसाळा पार पडला, आपण आहोत, हे मोजायला याहून चांगली वेळ नाही असं मला मनापासून वाटतं.

कणकवली तालुक्यातून

मुंबईत एकवीस वर्षं नोकरी केली. बाबा गेले आणि मी गावी परतलो. पहिल्या वर्षी भातकापणीला उतरलो तो ऑफिसातल्या घाईनेच. दसरा होऊन गेलेला, परतीचा पाऊस डोक्यावर, रोज दुपारनंतर सह्याद्रीकडून काळं भरून यायचं. शेजारचे आबा बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, “घाई करू नको रे. दाणो झडता.”

पिकलेली लोंबी हिसकली की दाणे शेतातच गळतात. म्हणून सकाळच्या दवात कापायचं. मूठ हलकी धरायची, विळा बुडाशी घालायचा, कापलेली मूठ आडवी ठेवायची. ठेवायची, टाकायची नाही. बाबांना हे करताना लहानपणापासून पाहिलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं.

झोडणी झाल्यावर सारवलेल्या खळ्यात भात वाऱ्यावर उपणायचं. सूप डोक्यावर धरून उभं राहायचं, आणि वारा पडला की हात खाली घ्यायचे. मग नुसतं थांबायचं. एका दुपारी वारा तासभर आलाच नाही. तेव्हा खळ्यात बसल्या बसल्या बाबा गेल्याचं मला कळलं. तोवर मी फक्त कागद केले होते, वारस नोंद, सातबारा, बँक. आबा जवळच बसून होते, काही बोलले नाहीत. वारा आला तसे उठून त्यांनीच सूप उचललं.

पुण्याहून

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात झालं. मी पुढे आणि ती मागे, अशी आमची चाळीस वर्षांची चाल. ऑक्टोबरात ती वॉकर घेऊन बाहेर पडायला लागली, तेव्हा कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागायची. कोपऱ्यावर सातवीण आहे. हिरवट पांढरे गुच्छ, दिवसा वास फारसा जाणवत नाही, तिन्हीसांजेला असा सुटतो की काहींचं डोकं धरतं. तिला तो आवडतो. त्या रस्त्याने मी अठरा वर्षं जातोय आणि हे झाड मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “अहो, पानं मोजा, एका ठिकाणी सात असतात.” मोजली. कुठे सात, कुठे सहा.

कोजागिरीला गच्चीवर जाणं जमणार नव्हतं. दुधाचा पेला खिडकीत ठेवला आणि चंद्र समोरच्या इमारतीमागून बाहेर यायची वाट पाहत बसलो.

बीड जिल्ह्यातून

मला वेगळं सांगायचं आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं थांबत नाहीत, निघतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, हिशोबही कोयत्यावरच होतो. ट्रॉलीत भांडी, बाजरीचं पोतं, शेळी आणि वर लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहिलेली मुलं तेवढी वर्गात उरतात. पटावर बत्तीस, समोर चौदा.

निवांतपण ज्यांना मिळतं त्यांनी ते जरूर घ्यावं. पण ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे या धाग्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

यंदा तिसरीतली एक मुलगी जायच्या आदल्या दिवशी वही माझ्याकडे देऊन गेली. फडावर भिजेल म्हणाली. “बाई, आल्यावर पुढचं लिहिते.” बाराचा पाढा आहे, बारा साते चौऱ्याऐंशीपर्यंत. मी वही माझ्या कपाटात ठेवली आहे, हजेरीपटाशेजारी. रोज हजेरी घेताना दिसते.

बॉस्टनजवळून, पुन्हा मी

काल घड्याळ मागे गेलं. आज सकाळी साडेआठला आईचा फोन आला, तेव्हा तुमचं सगळ्यांचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. खळ्यातल्या वाऱ्याचं तिने दोनदा वाचायला लावलं. बीडचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, “त्या बाईंना विचार, पोर परत आली, वही घेऊन गेली, की कळवतील का म्हणावं.”