मदत हवी आहे: मायक्रोवेव्हमधल्या पीनट बटर फजचं तेल सुटलंय, लवकर सांगा

भिजकी_चिमणी (७:४०)
पीनट बटर फज करतेय. रेसिपीत दिलंय तस्संच केलं, तरी वर तेल तरंगतंय आणि खाली ओल्या वाळूसारखा गोळा. फ्रिजमध्ये ठेवून वीस मिनिटं झाली, ढिम्म. रात्री बाराला रूममेटचा वाढदिवस. टाकून द्यायचं नाहीये. काय करू?

खमंग_फोडणी (७:४६)
कुठली रेसिपी, किती बटर, किती साखर? आम्हाला इथून तुझं भांडं दिसत नाही गं.

नाना_पेठवाले (७:५१)
मायक्रोवेव्हच्या नादी लागूच नये. सरळ जाड बुडाची कढई घ्या, वाटीभर साखरेचा एकतारी पाक करा, दोन वाट्या दाण्याचा कूट, वेलची, तूप लावलेल्या ताटात थापा, वड्या पाडा. आमच्याकडे दर चतुर्थीला होतात. हे फज-बिज कशाला?

भिजकी_चिमणी (७:५३)
गॅस नाहीये.

नाना_पेठवाले (७:५४)
संपला असेल तर शेजारी करून घ्या. त्यात लाजायचं काय?

भिजकी_चिमणी (७:५६)
नाना, बंगळूरला पीजीत राहते. मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली, एवढंच वापरायला मिळतं. मला वड्या नकोयत.
रेसिपी: १ कप बटर, १ कप पीनट बटर, २ मिनिटं मायक्रोवेव्ह, ढवळून परत २ मिनिटं, मग ४५० ग्रॅम आयसिंग शुगर. आम्ही तिघीच, म्हणून सगळं पाव घेतलं.

दंडबैठक (७:५९)
पीनट बटर कुठलं? बिनसाखरेचंच घेत जा. मी रोज व्यायामानंतर दोन चमचे केळ्याबरोबर खातो, सहा महिन्यांत फरक दिसला.

खमंग_फोडणी (८:०१)
सगळं पाव म्हणजे वेळही पाव केलास ना?

भिजकी_चिमणी (८:०२)
वेळ का कमी करायची? तेवढं तापायला तर हवं ना?

खमंग_फोडणी (८:०५)
सापडलं. अगं, मायक्रोवेव्ह म्हणजे गॅस नव्हे. आत दोन वाट्या ठेव की आठ, तो आपली शक्ती ओततच राहतो. चार जणांची उष्णता तुझ्या एकट्या वाटीने सोसली. पीनट बटर करपायच्या बेताला आलं आणि तेल सोडून मोकळं झालं. एवढ्याशा ऐवजाला तीस-तीस सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळायचं. बटर वितळून पीनट बटर एकजीव झालं की बास, उकळायचं नाही.

शेंगाफोड्या (८:०९)
असहमत. दोष पीनट बटरचा. बरणीवर ‘नॅचरल’ लिहिलंय का? त्यात नुसते दाणे, तेल बरणीतच वर आलेलं असतं. साध्या गुळगुळीत पीनट बटरमध्ये तेल धरून ठेवायला घट्ट केलेली वनस्पती चरबी असते. नॅचरलचं फज मी दोनदा केलं, दोन्ही वेळा चमच्याने खाल्लं.

खमंग_फोडणी (८:११)
मी नॅचरलचंच करते आणि सुरीने कापते. ढवळायचा आळस केलात तर बरणीला बोल कशाला?

भिजकी_चिमणी (८:१२)
नॅचरलच आहे. भांडण नंतर करा ना.

सांजवात (८:१३)
पीनट बटर उपवासाला चालतं का? त्यात मीठ कुठलं असतं?

जुनी_वही (८:१७)
मुळात याला फज म्हणूच नये. खऱ्या फजमध्ये पाक ११२ ते ११६ अंशांपर्यंत चढवतात, मग न ढवळता ४५ अंशांवर आणतात आणि चकाकी जाईपर्यंत घोटतात. साखरेचे कण बारीक राहतात ते त्या घोटण्यामुळे. हे आयसिंग शुगरचं प्रकरण म्हणजे गोड लगदा. पण धागाकर्तीला एक सांगतो: अमेरिकेत व्हॅसार या मुलींच्या कॉलेजात १८८८ साली एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने तीस पौंड फज करून लिलावाला दिलं होतं. तेव्हा पीजीतला तुमचा हा उद्योग परंपरेला धरूनच आहे.

दंडबैठक (८:१९)
तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो. किती साखर!

मळवली_लोकल (८:२०)
फज खावं तर लोणावळ्याला कूपर्सचं. स्टेशनवर उतरायचं, रांगेत उभं राहायचं. लोक चिक्कीच्या दुकानांत शिरतात आणि परत येतात, त्यांची कीव येते.

नाना_पेठवाले (८:२२)
चिक्कीला नावं ठेवू नका.

खमंग_फोडणी (८:२३)
चिमणे, आयसिंग शुगर किती घातलीस? चौथा हिस्सा म्हणजे साधारण ११० ग्रॅम हवी.

भिजकी_चिमणी (८:२४)
दोन चमचे. तिला फार गोड आवडत नाही.

शेंगाफोड्या (८:२५)
🙏

खमंग_फोडणी (८:२९)
मग जमणार कसं! यात पाक नाही, अंडं नाही, उभं राहायचं ते साखरेच्या पिठाच्या जोरावरच. गोडी कमी हवी तर चिमूटभर मीठ टाक. आता असं कर: किटलीत पाणी उकळव, त्यावर वाटीत दोन चमचे दूध गरम कर. ते थोडं थोडं घालत जोरात फेट, तेल परत आत जातं. मग उरलेली साखर, गुठळ्या मोडून. घट्ट झालं की डब्यात दाबून बसव, दोन तास फ्रिज. आणि पुन्हा मायक्रोवेव्हला दाखवूही नकोस.

शेंगाफोड्या (८:३१)
दुधाचं बरोबर आहे. बाकीच्यावर माझं मत कायम.

भिजकी_चिमणी (८:५२)
झालं!! तेल गेलं, कणकेसारखा गोळा आला. ८० ग्रॅमच साखर होती, तेवढी घातली. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलंय.

सांजवात (९:१०)
उपवासाचं कोणी सांगितलंच नाही.

भिजकी_चिमणी (११:३८)
सेट झालंय पण डब्यातून निघत नाहीये. सुरी वाकली.

खमंग_फोडणी (११:४०)
खाली बटर पेपर घातला होतास ना?

भिजकी_चिमणी (११:४०)
तो कधी सांगितलात?

नाना_पेठवाले (११:४३)
ताटाला तूप लावा म्हणून मी ७:५१ लाच लिहिलं होतं. असो. डब्याचा तळ अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा आणि पालथा घालून थोपटा. तुमच्या मैत्रिणीला आशीर्वाद सांगा.