मदत हवी आहे: इलेक्ट्रिक मोटरसायकलचा बेल्ट काढून चेन बसवायची आहे – रेशो, पुढचं स्प्रॉकेट, रीजन

भांडुपकर_स्वार:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे इलेक्ट्रिक मोटरसायकल आहे. मोटर मधोमध, मागच्या चाकाला दातेरी बेल्ट. बॅटरी चांगली आहे, मोटर आणि कंट्रोलरने कधी त्रास दिलेला नाही. गाडी अडली आहे ती फक्त बेल्टसाठी. कंपनीने मुंबईतलं सर्व्हिस सेंटर बंद केलं आणि सुटा बेल्ट मागितला की "स्टॉक आला की कळवू" एवढंच उत्तर येतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण धागा त्या वादात जायला नको. मला गाडी चालू हवी आहे.

मी भांडुपला राहते, नोकरी बीकेसीत. रोजचा रस्ता एलबीएस मार्ग. मेट्रो ४ चं काम, उखडलेले पेव्हर ब्लॉक, कडेला बारीक खडी, पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी. माझ्या गाडीच्या बेल्टला खालून कव्हर नाही. खडीचा तुकडा बेल्ट आणि मागच्या पुलीच्या मध्ये सापडला की आतल्या तंतूंना मार बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी सिग्नल सुटताना बेल्ट जातो. माझा तसाच गेला. दाते अजून जवळपास नव्यासारखे आहेत, पण तुटलेल्या जागी तंतू सरळ रेषेत सुरीने कापावेत तसे तुटलेत.

बेल्टचे गुण मला ठाऊक आहेत. आवाज नाही, तेल नाही, गंज नाही. तरीही चेन हवी आहे, कारण चेन तुटली तर मुलुंडपासून माहीमपर्यंत कुठल्याही गॅरेजात चेन लॉक (चेनची टोकं जोडणारी सुटी कडी) मिळतं आणि अर्ध्या तासात गाडी पुढे जाते. चांगली बॅटरी आणि चांगली मोटर एका पट्ट्यासाठी बिल्डिंगखाली धूळ खात पडावी, हे मला पटत नाही.

मोजमापं अशी: पुढची पुली २४ दाते, मागची १०८, म्हणजे रेशो ४.५. बेल्ट ८ मिमी पिचचा (पिच म्हणजे एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर), १७६० मिमी लांब, २१ मिमी रुंद. मोटर शाफ्ट ते मागचा ऍक्सल अंतर ६०६ मिमी. कागदावर मोटरचा टॉर्क ५४ न्यूटन-मीटर. मोटरचा शाफ्ट स्प्लाइनचा, म्हणजे लांबीभर खाचा असलेला आहे, पुली त्यावर बसून पुढून बोल्टने आवळलेली. मागची पुली हबला पाच बोल्टांनी.

एका गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं, "१२५ सीसीचा चेन सेट लावून टाकू." त्यांचा हेतू चांगला होता, पण तो सेट १४/४४ चा, म्हणजे रेशो ३.१४. चाकावरचा जोर थेट तीस टक्क्यांनी कमी. पवईकडून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) चढताना तेवढाच जोर हवा असेल तर मोटरला सुमारे १.४३ पट करंट ओढावा लागेल, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट. पेट्रोलच्या गाडीत गिअर असतो म्हणून १४/४४ चालतं. इथे जो काही रेशो आहे तो एवढाच.

तर मदत हवी आहे ती अशी. ४.५ च्या जवळचा रेशो चेनमध्ये कसा बसवायचा, मागचं स्प्रॉकेट फार मोठं होईल का? स्प्लाइनच्या शाफ्टवर पुढचं स्प्रॉकेट बसवायचा खात्रीचा मार्ग कोणता? आणि रीजन (थ्रॉटल सोडला की मोटरच ब्रेकसारखी काम करून बॅटरी भरते ते) चालू असताना चेन उलट्या बाजूने ओढली जाते, त्याचं काय करायचं? ज्यांनी असं काम केलंय किंवा लेथवर हात आहे, त्यांनी कृपया लिहा.

नागदेवी_फेरी:

चेनच्या आधी एक विचारतो. नवा बेल्ट बाजारातून मिळत नाही का? ८ मिमी पिचचे पट्टे नागदेवी स्ट्रीटला मागाल त्या लांबीचे दाखवतात.

भांडुपकर_स्वार:

दादा, जाऊन आले. मिळाला तो रबराचा, आत काचतंतूची दोरी असलेला साधा औद्योगिक पट्टा. मूळ बेल्ट पॉलियुरेथेनचा आणि कार्बनतंतूचा आहे, तेवढ्याच रुंदीत तो कितीतरी जास्त ताण घेतो. शिवाय दात्याचा आकार वेगळा, पिच सारखा असला तरी पुलीत नीट बसत नाही. तो लावला तर खडीची वाटही बघावी लागणार नाही.

लेथवाले_काका:

ताई, पुली आणि स्प्रॉकेट बनवण्यात माझं आयुष्य साकीनाक्याला गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तंतू सरळ रेषेत तुटलेत म्हणजे बेल्ट कुठेतरी मुडपला गेला. खडीने होतं, तसंच बसवताना किंवा पॅकिंगमध्ये बेल्ट आवळून घडी केली तरी होतं. ज्यांना बेल्टच ठेवायचा आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं, कार्बनतंतूचा बेल्ट कधीच घडी घालून ठेवू नये. तुमच्या रस्त्याला मात्र चेनच बरी, इथे मी तुमच्या बाजूने आहे.

रेशो. ४२८ नंबरची चेन घ्या, १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना तीच असते. पिच १२.७ मिमी. पुढे १३, मागे ५८ दाते. रेशो ४.४६, तुमच्या मूळपेक्षा एक टक्क्याहून कमी फरक. स्पीडोमीटर मोटरच्या फेऱ्यांवरून चालत असेल तरी वेग जवळपास बरोबरच दाखवेल. मागच्या स्प्रॉकेटचा पिच व्यास येतो सुमारे २३५ मिमी. तुमची आत्ताची पुली २७५ ची आहे, म्हणजे स्प्रॉकेट उलट लहानच होतंय, जागेची चिंता नाही. पुढे १२ दाते करू नका. दाते कमी केले की चेन गोल फिरण्याऐवजी कोनाकोनाने फिरते, गाडीला बारीक थरथर येते आणि झीज वाढते. इंजिनाच्या आवाजात ते लपतं, इलेक्ट्रिक गाडीत सगळं ऐकू येतं.

चेनची लांबी मी तुमच्या अंतरावरून काढली: ९५.४ अधिक ३५.५ अधिक १.१, बरोबर १३२ कड्या. सम आकडा आला, म्हणजे अर्धी कडी लावायची वेळ नाही. नशीब चांगलं आहे.

ताकद. १३ दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या साडेसव्वीस मिमी, ५४ न्यूटन-मीटरला चेनवर ओढ येते सुमारे दोन हजार न्यूटन. चांगल्या ४२८ चेनची तुटण्याची मर्यादा सोळा हजारांच्या वर असते. पुरेसं आहे. ओ-रिंगवाली घ्या, पावसात फरक पडतो.

आता खरी गोष्ट, पुढचं स्प्रॉकेट. स्प्लाइन नव्याने कापायला जाऊ नका. जुनी पुली स्टीलची आहे का ते चुंबकाने बघा. स्टीलची असेल तर तिचे दाते लेथवर उतरवून बॉस (मधला गोल भाग) तयार करा, त्यावर तुमच्या १३ दात्यांच्या स्प्रॉकेटची चकती प्रेस फिट बसवून बाहेरून वेल्ड करा, मग पुन्हा लेथवर धरून डायल गेज लावून ती डगमगते का बघा. स्प्लाइन कंपनीचीच राहते, म्हणून बसण्यात खोट राहत नाही. पण १३ दात्यांच्या मुळाशी व्यास फक्त ४४–४५ मिमी असतो, तेव्हा बॉससाठी किती भिंत उरते ते आधी मोजा. भिंत पाच मिमीपेक्षा कमी उरत असेल तर पुढे १४ आणि मागे ६३ घ्या, रेशो नेमका ४.५, मागचा व्यास २५५, तोही तुमच्या पुलीपेक्षा लहान. मग चेन १३६ कड्यांची घ्यावी लागेल आणि चाक किंचित मागे जाईल.

वेल्डिंग गाडीवर करायचं नाही. शाफ्टवर तर अजिबात नाही. करंट बेअरिंगमधून गेला की बेअरिंग संपलं, आणि उष्णतेने मोटरची चुंबकं कमजोर होतात. पुली काढताना हातोडा मारू नका, पुलर लावा. मागची चकती ईएन८ स्टीलमध्ये लेझर कट करून घ्या, दात्यांना इंडक्शन हार्डनिंग (तापवून कडक करणं). अंधेरी एमआयडीसीत किंवा वसईला होतं. तुम्ही फक्त ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल द्या, पाच बोल्टांचं अंतर तीनदा मोजून.

चेनची ओळ. बेल्ट २१ मिमी रुंद, चेन त्यापेक्षा अरुंद. दोन्ही स्प्रॉकेट बेल्टच्या मध्यरेषेवर आणा, फरक एक मिमीच्या आत. सरळ पट्टी टेकवून बघा.

शांत_मोटर:

काकांनी बहुतेक सगळं लिहिलंय. मी रीजनबद्दल लिहितो, कारण इथे बरीच कामं फसतात.

ओढताना चेनची वरची बाजू ताठ, खालची सैल. रीजन आला की उलट: खालची ताठ, वरची सैल. प्रत्येक वेळी थ्रॉटल सोडला की ती ढिलाई एका झटक्यात भरून निघते आणि तो दणका थेट स्प्लाइनवर बसतो. पेट्रोलच्या गाडीच्या मागच्या हबमध्ये रबर असतात, ते हा झटका गिळतात. तुमच्या हबमध्ये रबर आहेत का ते उघडून बघा. बेल्टच्या गाडीत काही वेळा नसतात, कारण बेल्टच थोडा झटका पचवतो. नसतील तर रबरवाला हब बसवण्याचा विचार करा, निदान कंट्रोलरमध्ये रीजन सगळ्यात कमी पातळीवर ठेवा आणि तो हळूहळू चढेल असं सेटिंग असेल तर ते वापरा.

दुसरं, कोणी सांगेल की खालच्या बाजूला स्प्रिंगचा टेन्शनर लावा म्हणजे चेन वाजणार नाही. रीजन असलेल्या गाडीत तो लावू नका. खालची बाजू ताठ झाली की स्प्रिंग दबतो, वरून चेन लोंबते, आणि दाता सुटायचा धोका. चाक मागे ओढूनच ताण द्या. मधल्या जागी २० ते २५ मिमी हालचाल ठेवा, आणि गाडीवर कोणी बसलं असतानाही बघा. बेल्टसारखी ताठ चेन ठेवलीत तर मोटरचं बेअरिंग जाईल.

पुढचं स्प्रॉकेट पुलीपेक्षा लहान, म्हणून तिथे चेन बेल्टपेक्षा शाफ्टच्या चार मिमी जवळ येतेय. स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटजवळ घासते का ते सस्पेन्शन पूर्ण दाबून तपासा, तिथे नायलॉनची पट्टी लागेल.

वडाळा_पूर्व:

तांत्रिक भाग जाणकारांनी सांगितला, मी कागदांचं सांगतो. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ बदलांबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात त्याचा अर्थ कडक लावला: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२ए(४) खाली परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर बेल्ट की चेन असा रकाना नसतो, तरी त्यावर विसंबू नका. भांडुप वडाळा आरटीओकडे येतं. लेजर कट करण्याआधी तिथे लेखी विचारा आणि पोच घ्या. विमा कंपनीलाही पत्र द्या, नाहीतर अपघात झाला की ते हेच कारण पुढे करतील.

भांडुपकर_स्वार:

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुली पुलरने उतरवली. चुंबक चिकटतं, म्हणजे स्टीलची आहे. स्प्लाइनचा बाहेरचा व्यास २५ मिमी. १३ दात्यांच्या मुळाशी ४४ धरले तर दोन्ही बाजूंना साडेनऊ मिमी उरतात. म्हणजे १३/५८ जमेल असं दिसतंय.

मागचा हब उघडला. रबर आहेत, चार, कडक झालेत. हबचा साचा एका १५० सीसीच्या गाडीसारखाच वाटतो, म्हणून रबर बाजारात मिळतील अशी आशा आहे. रीजन सध्या मधल्या पातळीवर होता, तो खाली आणते.

आरटीओचं पत्र उद्या टाकते, उत्तर आल्यावरच चकती कापायला देईन. तोवर एक शेवटचं विचारते: चेनला पावसाळ्यात काय लावता? स्प्रे की ९० नंबरचं गिअर ऑइल?

लेथवाले_काका:

९० नंबर. ओ-रिंगला पेट्रोल लावू नका, रॉकेलने किंवा डिझेलने पुसा, कोरडी करा, मग आतल्या बाजूने थेंब थेंब तेल, जास्तीचं फडक्याने टिपून घ्या. मागे डिस्क आहे, तिथे उडता कामा नये. पाण्यातून गाडी नेलीत की त्याच रात्री. आणि साडेनऊ मिमी उरतात तर चकती बॉसला वेल्ड करण्याआधी मला फोटो दाखवा, कोपऱ्याची त्रिज्या सांगतो.