नाव विचारायचं राहून गेलं

रात्रीचे साडेदहा, धो धो पाऊस आणि स्कूटर ढिम्म. किका मारून मारून पाय भरून आला होता. एक गृहस्थ स्कूटरवरून पुढे गेले आणि वळून परत आले. "प्लगला पाणी लागलं असेल," म्हणत त्यांनी स्वतःच्या डिकीतून पाना काढला. मी मोबाइलचा उजेड धरला. त्यांनी प्लग रुमालाने पुसला, टोकावरची काजळी पॉलिश पेपरच्या तुकड्याने घासली, फुंकर मारली, परत बसवला. दुसऱ्या किकेला गाडी सुरू. मी घाईघाईने पाकीट काढलं, तसा त्यांचा चेहरा पडला. "अहो, राहू द्या." काळे झालेले हात पावसातच चोळले आणि गेले.

मला अजून खटकतं ते पाकीट. आभार मानायचे नव्हतेच मला, हिशेब मिटवायचा होता. उपकार अंगावर राहू नयेत म्हणून.

तुमच्याही आठवणीत असं कुणी असेल, नावगाव माहीत नसलेलं. दिलेलं, घेतलेलं, फसलेलं, काहीही लिहा. 'जगात माणुसकी शिल्लक आहे' हे वाक्य तेवढं नको. ते आपण सगळ्यांनी आधीच फॉरवर्ड केलंय.

* * *

बाबांच्या प्लेटलेट्स भराभर उतरत होत्या. डॉक्टर म्हणाले, एसडीपी लागेल, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या. प्लेटलेट्स साठवून तरी किती ठेवणार? २० ते २४ अंशांत, सतत हलवत ठेवल्या तरी साधारण पाच दिवस टिकतात. त्यामुळे ऐनवेळी माणूसच शोधावा लागतो. मित्राच्या मित्राच्या कुणातरी ओळखीतून एक मुलगा आला, ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून.

रक्तदानासारखं दहा-पंधरा मिनिटांत उठता येत नाही. तासाहून जास्त वेळ मशीनला जखडून बसायचं. रक्त बाहेर येतं, प्लेटलेट्स वेगळ्या होतात, बाकीचं परत अंगात जातं. मध्येच तो म्हणाला, "ओठांना मुंग्या येतायत." माझा जीव घशाशी. सिस्टरने शांतपणे कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट मिसळतात, त्याने कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं म्हणे. गोळी चघळत तोच मला धीर देत होता, "ताई, काही नाही होत, माझं नेहमीचंय."

बाबा घरी आल्यावर त्याला फोन केला. "कोण बाबा?... हां हां! बरे आहेत ना? मधे आणखी एकांना देऊन आलो, त्यामुळे गोंधळ झाला." मला त्याच्या शर्टाच्या चौकड्या आठवतात, आणि त्याला आम्ही आठवत नव्हतो.

* * *

माझं छोटंसं. बसमध्ये लेक रडून रडून लालबुंद. शेजारच्या आजींनी न विचारता किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. पोरगी गप्प. आजींचा स्टॉप आला तरी ती किल्ल्या सोडेना. आजी दोन स्टॉप पुढे आल्या, तिला झोप लागेपर्यंत.

* * *

सगळं गोड चाललंय, म्हणून जरा कडू. स्टँडवर एक जण भेटला. पाकीट मारलं, गावी आई आजारी, डोळ्यांत पाणी. दिले पैसे. पंधरा दिवसांनी तोच माणूस, तोच स्टँड, तेच पाणी. मला ओळखलंसुद्धा नाही, परत माझ्याकडेच मागितले! पैसे गेल्याचं एवढं नाही वाटलं. पहिल्या दिवशी घरी येऊन बायकोपुढे मी जी फुशारकी मारली होती, ती झोंबली.

आता पैसे देत नाही, तिकीट काढून हातात ठेवतो. दोघे जण "तिकीट नको" म्हणून सटकले. तिसरी एक बाई खरंच गाडीत बसली आणि गाडी वळेपर्यंत खिडकीतून हात हलवत राहिली.

* * *

मी कबुलीच देते. इंटरव्ह्यूला उशीर होत होता. जिन्याच्या पायथ्याशी एक जण भिंतीला टेकून बसलेला, घामाने डबडबलेला. मी पाहिलं, 'बघेल कुणीतरी' असं मनाशी म्हटलं आणि वर पळाले.

पुढे मानसशास्त्र शिकताना डार्ली आणि बॅट्सन यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग समोर आला. प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत बोलायला पाठवलं आणि वाटेत एक कण्हणारा माणूस बसवला. ज्यांना घाई नव्हती त्यांतल्या ६३ टक्क्यांनी मदत केली, थोड्या घाईतल्या ४५ टक्क्यांनी, आणि खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. त्यांतल्या काहींना बोलायचं होतं ते बायबलमधल्या त्याच गोष्टीवर, ज्यात वाटेत पडलेल्याला एक परका उचलतो! वर्गात सगळे हसले. मला हसू आलं नाही.

खाली उतरले तेव्हा जिन्याशी कुणी नव्हतं.

* * *

वरच्या ताईंना काय लिहावं सुचत नाही, म्हणून माझीच फजिती सांगतो. एका अंध गृहस्थांना रस्ता ओलांडून द्यायला गेलो आणि त्यांचा दंड धरून जवळजवळ ढकलतच निघालो. ते जागीच थांबले. "तुम्ही मला धरू नका. मी तुम्हाला धरतो." माझ्या कोपराच्या जरा वर त्यांनी हात ठेवला आणि अर्धं पाऊल मागे राहिले. "आता चाला तुमच्या चालीने. पायरी आली की थांबा, चढायची का उतरायची तेवढं सांगा."

मी प्रत्येक खड्ड्याचं वर्णन करत सुटलो होतो. त्यांनी अर्धं ऐकलं असेल. पलीकडे पोचल्यावर हात काढून म्हणाले, "पहिल्यांदाच ना? जमेल."