इन्कम टॅक्स बंद करून सगळा टॅक्स खरेदीवरच घेतला तर?

मिहानवाला
नमस्कार मंडळी. अमेरिकेत फेअरटॅक्स म्हणून एक प्रस्ताव आहे, 1999 पासून तिथल्या संसदेत परत परत मांडून राहिले पण पास काही होत नाही. इन्कम टॅक्स पूर्ण बंद, पगार पूर्ण हातात, आणि त्याच्याऐवजी नवीन वस्तू किंवा सेवा घेताना देशभर एकच विक्रीकर. मला तर हे मनापासून पटतं. आपला टीडीएस हातात पैसा यायच्या आधीच कापला जातो, अन् आजूबाजूला रोखीत धंदा करणारे आपल्यापेक्षा जास्त कमावून शून्याचं रिटर्न भरतात, शेतीच्या नावावर पैसा दाखवणारे वेगळेच. खर्चावर टॅक्स असला तर पन्नास लाखाची गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये भरावाच लागेल, कागदावर त्याची कमाई काहीही असो. जीएसटीची यंत्रणा 2017 पासून तयार आहेच. मग आपल्याकडे हे काऊन होत नाही?

धरमपेठ सीए
भाऊ, तुमचा राग रास्त आहे, पण तुम्ही ज्याला पकडायला निघालात तोच यातून सुटतो. रोखीवाला माणूस पैसा गाडीत किती घालतो आणि प्लॉटमध्ये किती? आपल्या नागपुरात बेसा, वर्धा रोड, हिंगणा सगळीकडे बघा. जमिनीच्या विक्रीवर जीएसटी नाही, तयार जुन्या फ्लॅटवर नाही, शेअर्सवर नाही. प्लॉट विकून झालेला नफा पकडतो तो कॅपिटल गेन्स, आणि तो इन्कम टॅक्समध्येच येतो. तोच काढला तर हातात राहते फक्त स्टॅम्प ड्युटी. फेअरटॅक्समध्येही जुन्या वस्तूंवर आणि गुंतवणुकीवर कर नाहीच. मोठ्या गाड्यांवर तर आपल्याकडे सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहेच.

आता दर किती लागेल ते बघा. 2025-26 च्या बजेटमध्ये केंद्राच्या रुपयातले 22 पैसे इन्कम टॅक्सचे होते आणि 18 पैसे जीएसटी वगैरेचे. ते 22 पण जीएसटीतूनच काढायचे तर 18 चे 40 करावे लागतात. 18 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 9 केंद्राचे, 9 राज्याचे. त्याच प्रमाणात केंद्राचे 9 झाले 20, राज्याचे तसेच, म्हणजे 29 टक्के. साबण-टूथपेस्ट 5 वरून 8 वर. हिशेब ढोबळ आहे, आणि लोकांनी खरेदी कमी केली नाही असं धरून आहे. इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये पगारदाराला 12 लाख 75 हजारापर्यंत टॅक्स लागत नाही, त्याच्या हातात एक रुपया वाढणार नाही, सामान मात्र महाग होईल.

काटोलवाला
शेतकरी टॅक्स भरत नाई हे ऐकून ऐकून कान किटले. संत्र्याच्या बागेला फवारणी करतो त्या औषधावर 18 टक्के, खतावर 5, डिझेलवर एक्साइज अन् व्हॅट वेगळा. व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट भेटते, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या जीएसटीतून वळता होते, आमाले नाई, कारण संत्र्यावर जीएसटीच नाई त वळतं कशात करणार? उद्या औषधाचे 18 चे 29 केले त कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचा भाव काई वाढवून देणार नाई कोणी. सातबारा दाखवून धंद्याचा पैसा पांढरा करणारे आहेत, त्यायले पकडा न, आमचं काई म्हणणं नाई.

इतवारी होलसेल
दुकानात बसणाऱ्याचं ऐका. जीएसटी चालतो तो क्रेडिटवर, मला माझ्या मालाचं क्रेडिट पाहिजे म्हणून मी वरच्याकडून बिल घेतोच घेतो, साखळी टिकते. शेवटच्या गिऱ्हाईकाला मात्र बिलाची गरज नसते, आजच 18 टक्क्यांवर लोक विचारतात बिलाशिवाय किती कमी कराल, तर 29 ला काय होईल? अमेरिकावाला प्रस्ताव तर सगळा कर शेवटच्या दुकानातच घ्या म्हणतो, मधली साखळीच नाही, म्हणजे एका ठिकाणी बुडाला की पूर्णच बुडाला. आपल्या नागपुरात जकात गेली, 2013 ला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 ला तो बहुतेकांचा काढला, तेव्हापासून महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून असते. एक कर काढला की तो पैसा दुसरीकडून उभा करावाच लागतो.

मानेवाडा पेन्शनर
माझं वेगळंच दुखणं आहे. चाळीसेक वर्षं नोकरीत इन्कम टॅक्स भरला आणि उरलेल्यातून एफडी केली. आता तोच पैसा घरखर्चाला काढताना प्रत्येक वस्तूवर वाढीव कर द्यायचा, म्हणजे एकाच कमाईवर दोनदा. या नव्या पद्धतीचा फायदा आज नोकरीला लागणाऱ्या पोराला होईल, आमच्या पिढीचं काय, याचं उत्तर मला कोणी देत नाही.

मिहानवाला
प्लॉटचा मुद्दा खरंच वजनदार आहे. पण गरिबाचं म्हणाल तर फेअरटॅक्समध्ये त्याची सोय आहे, दारिद्र्यरेषेपर्यंतच्या खर्चावर जेवढा कर बसतो तेवढी रक्कम दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला आधीच मिळते. आपल्याकडे जनधन खाती आहेत, आधार आहे, थेट खात्यात पैसे टाकायची डीबीटी चालूच आहे, मग काय अडचण?

धरमपेठ सीए
अडचण पैशाचीच आहे, ते वाटप कुठून करणार? त्याच करातून. म्हणजे दर 29 वर थांबत नाही, आणखी वर जातो. शिवाय फेअरटॅक्सचे 23 टक्के म्हणतात ते आपल्या हिशेबाने 30 आहेत, 100 च्या वस्तूवर 30 कर लावून बिल 130, आणि 130 पैकी 30 म्हणजे 23. त्यापेक्षा प्लॉटचे व्यवहार आणि खोटं शेती उत्पन्न यांची तपासणी कडक करा अशी मागणी लावून धरा भाऊ, तुमच्या टीडीएसचा दर त्यानेच उतरू शकतो.